हुकमाचे जनावर

मराठीत 'हुकमी' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. हुकमाप्रमाणे वागणारे ते हुकमी. आणि ज्याबद्दल शंकाच नको, जे हमखास लागू पडते तेही हुकमीच. हुकमी एक्का, हुकमी उपाय, हुकमी गिऱ्हाईक. दिलेला हुकूम आणि मिळालेली खात्री या दोन गोष्टी भाषेने इतक्या बेमालूमपणे एकत्र शिवल्या आहेत की त्यांच्यामधली फट आपल्याला दिसेनाशी झाली आहे. प्रस्तुत लेख त्या फटीबद्दल आहे. हुकूम सुटला आणि जनावराने तो ऐकला, या दोन घटनांच्या मध्ये काय घडते, त्याची किंमत कोण मोजतो, आणि जनावराने ऐकले नाही तर ते कोणत्या शब्दांत लिहायचे, हे प्रश्न आपल्या समीक्षेत क्वचितच ऐरणीवर येतात. साहित्यातले जनावर म्हणजे एक तर 'प्रतीक', नाही तर 'मानवीकरण', आणि दोन्हींत बसले नाही तर 'निसर्गप्रेम', अशा तीन कप्प्यांत आपण वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासत आलो आहोत.

हे प्रश्न मला नीट मांडलेले आढळले ते एका अनपेक्षित ठिकाणी: पटावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांच्या नियमपुस्तकांत. काही विद्वान मित्रांच्या भुवया इथेच वर जातील. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण कथा चालवतो आणि संशयाच्या जागी फासे निर्णय देतात. म्हणजे नियमांनी बांधलेले सामूहिक कथाकथनच. हरिदासाची कथा आणि सारीपाट यांच्यामधली एखादी जागा कल्पावी. या खेळात वनात राहणाऱ्या पात्राला एखादे जनावर सोबतीला मिळू शकते: लांडगा, अस्वल, ससाणा. लढाईच्या वेळी त्या सोबत्याला हुकूम कसा द्यायचा, याबद्दल खेळाडूंमध्ये दशकानुदशके वाद चालू आहेत. माझे म्हणणे असे की हा वाद पोरकट नाही. तो कथनशास्त्राचा वाद आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला तर तो जीवन-मरणाचा वाटावा असा आहे.

नियमांचा इतिहास पाहा. १९८१ च्या प्राथमिक नियमपुस्तकात विरोधी प्राण्यांना आणि हाताखालच्या भाडोत्री माणसांना 'मनोबला'चा एक आकडा दिलेला असे, २ ते १२ च्या दरम्यान. लढाई अंगावर येऊ लागली की दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याच्या वर गेली की तो जीव पळणार किंवा शरण येणार. पळून जाणे हा नियमाचा भाग होता. २००३ च्या सुधारित आवृत्तीत जनावर हाताळणे हे एक स्वतंत्र कौशल्य होते. शिकवलेली गोष्ट करून घ्यायची तर वीस पैलूंच्या फाश्यावर कौशल्य मिळवून १० गाठायचे; न शिकवलेली गोष्ट रेटून करून घ्यायची तर २५. जनावर जखमी असेल तर दोन्ही आकडे दोनने वाढणार. सर्वसाधारण बुद्धीच्या जनावराला फार तर सहा गोष्टी शिकवता येणार, अगदी मंद असेल तर तीन. आणि सगळ्यांत मार्मिक भाग असा, की 'हल्ला कर' असे शिकवलेले जनावरही माणसांवर आणि इतर जनावरांवरच धावून जाई. प्रेतयोनीतल्या किंवा अनैसर्गिक जिवावर सोडायचे तर ते वेगळे शिकवावे लागे, आणि त्यासाठी दोन गोष्टींची जागा खर्च होई. जनावराच्या भीतीला इथे तर्क आहे. मढे चालत आले तर कुत्रा धावून जाणार नाही, हे त्या नियमकाराला ठाऊक होते.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सारेच आवळले गेले. सोबत्याने हल्ला करावा असे वाटत असेल तर मालकाने आपली स्वतःची कृती त्यासाठी खर्च करायची. फेरी सहा सेकंदांची. त्या सहा सेकंदांत एक तर तुम्ही बाण मारा, नाही तर लांडग्याला सोडा. हुकूम नसेल तर लांडगा काही करणार नाही. खेळाडू खवळले. ही सोबत की ओझे, असा एकच ओरडा झाला. मग २०२० च्या पुरवणीत हुकूम स्वस्त करण्यात आला: मुख्य कृतीऐवजी एका दुय्यम कृतीवर भागू लागले, आणि २०२४ च्या नव्या नियमपुस्तकाने तेच कायम केले. पण या स्वस्ताईबरोबर आणखी एक गोष्ट गुपचूप घडली. लांडगा, अस्वल, ससाणा ही नावे गेली. त्यांच्या जागी भूमीचा पशू, जलाचा पशू, आकाशाचा पशू असे तीन साचे आले. हा पशू मंत्राने बोलावलेला. मेला तर तासाभरात मंत्रशक्ती खर्चून उठवता येतो. ते नाही जमले तर रात्रभराच्या विश्रांतीनंतर नवा बोलावता येतो. तो घाबरून पळाला तर काय, याचा विचार स्वतंत्रपणे कुठेही नाही. हुकूम नसेल तेव्हा तो अंग चोरून वार चुकवत उभा राहतो, एवढेच.

माझा आक्षेप इथे आहे. खेळाडूंनी मागितली ती सोय; त्यांना मिळाले ते केसाळ हत्यार. जनावराचे जनावरपण त्याच्या दातांत किंवा नखांत नसते. ते असते त्याच्या नकाराच्या शक्यतेत. जे नकार देऊ शकत नाही ते सोबती नव्हे. तलवार आपल्या मनाविरुद्ध म्यानातून बाहेर यायला नकार देत नाही, म्हणून आपण तलवारीला सोबती म्हणत नाही. १९८१ च्या फाश्यात तो नकार होता, २००३ च्या आकड्यांत होता, आणि २०१४ च्या महागड्या हुकमात निदान हुकूम देणाऱ्याला त्याची झळ तरी लागत होती. २०२० नंतर नकारही गेला आणि झळही गेली. सोय वाढली तसतशी कथा आक्रसत गेली.

'कथा आक्रसली' हे मी मोघम म्हणत नाही. चंद्रपूर या शहराच्या जन्माची आख्यायिका घ्या. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघाला असता त्याला एक विपरीत दृश्य दिसले: कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता. ससा पुढे आणि कुत्रा मागे ही जगाची रीत. इथे ती उलटली होती. राजाने त्या धावेचा माग घेतला. शेवटी एका जागी कुत्र्याने उलटून सशाला मारले. राणीने सल्ला दिला की ज्या वाटेने हे दोघे धावले त्या वाटेवरून तट बांधून नगर वसवा. आणि जिथे ससा मेला ती जागा धोक्याची समजून तिथला बंदोबस्त अधिक पक्का करा, असेही सांगतात. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा या दरवाजांमधून आजही जाणाऱ्या-येणाऱ्यांना तो तट दिसतो. एका शहराची हद्द एका हुकमी कुत्र्याच्या पळण्याने आखली गेली, असे या शहराची लोककथा म्हणते.

आता ही गोष्ट नव्या नियमांनी खेळून पाहा. खेळता येत नाही. राजाचा कुत्रा सशापुढून पळू शकत नाही. राजा गप्प राहिला तर कुत्रा जागच्या जागी वार चुकवत उभा राहील. राजाने हुकूम दिला तर ससा एका घासात संपेल. तट नाही, दरवाजे नाहीत, नगर नाही. १९८१ च्या नियमांत मात्र एखाद्या कथाचालकाने कुत्र्यालाही मनोबलाचा आकडा लावला आणि फासा उलटा पडला, तर ही गोष्ट घडू शकते. आणि आख्यायिकेतल्या राजाचे शहाणपण कशात आहे पाहा: तो कुत्र्याला हाकारत नाही, दुसरा कुत्रा सोडत नाही, बाण काढत नाही. जनावराने हुकूम मोडला हे पाहून तो आपला हुकूम बाजूला ठेवतो आणि मागोमाग जातो. अवज्ञेला तो बिघाड न समजता खूण समजतो. लोककथेने जे पाचशे वर्षांमागच्या राजाच्या पदरात टाकले, ते आपल्या काळाच्या नियमकाराला परवडले नाही.

कुणी म्हणेल, कुठल्या तरी परदेशी खेळाची ही झीज. आमचा काय संबंध? संबंध आहे, कारण आपली गद्यभाषाही नेमक्या याच वाटेने चालली आहे. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ ऊर्फ अवनी या वाघिणीचा शोध चालू होता. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. तिच्या मागावर मध्य प्रदेशातून हत्ती आणले गेले. चंद्रपूरच्या ताडोब्यातून गजराज नावाचा हत्ती आणला गेला. पुढे विदेशी जातीचे शिकारी कुत्रेही आणले गेले. जनावराविरुद्ध जनावर उभे करण्याची ही आपल्या काळातली सर्वांत मोठी मोहीम म्हणावी लागेल. ऑक्टोबरमध्ये गजराज छावणीतून सुटला आणि त्याने चहांद गावातल्या एका स्त्रीचा बळी घेतला. वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळीने मारले. हत्तींना आणि कुत्र्यांना ती साधली नाही. पुढे २०२१ मध्ये याच हत्तीच्या हल्ल्यात ताडोब्यातल्या छावणीत वनविभागाचा एक कर्मचारी गेला.

अशा प्रसंगांचे वृत्तांत मराठीत कोणत्या क्रियापदांवर उभे असतात, ते भाषेच्या विद्यार्थ्यांनी तपासावे. हत्ती 'बिथरला'. हत्ती 'बेकाबू झाला'. हत्ती 'पिसाळला'. ही सारी क्रियापदे अकर्मक. हत्तीला परक्या मुलखात कुणी नेले, कुणी कुणाच्या अंगावर घालायचे ठरवले, हुकूम कोणाचा होता, हे या क्रियापदांत मावतच नाही. नकार हा जनावराचा रोग ठरतो. हुकूम देणाऱ्याची कृती वाक्यातून अदृश्य होते, अगदी २०२० च्या नियमात ती जवळपास फुकट होते तशीच. आणि ती फुकट झाली की किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर पडते. टेबलावर ती कुणाच्याच नावावर पडत नाही, म्हणून तिथे खेळ. राळेगाव तालुक्यात ती एका गावकरी स्त्रीच्या नावावर पडली. तिला या मोहिमेत कुणी खेळाडू म्हणून बसवलेले नव्हते.

प्राचीनांना ही गोष्ट आपल्यापेक्षा नीट कळत होती. महाभारताच्या द्रोणपर्वात भगदत्ताचा सुप्रतीक हा हत्ती पांडवसेनेची दाणादाण उडवतो. पण अर्जुनाच्या बाणांनी विद्ध झाल्यावर भगदत्त पुन्हापुन्हा हाकत असता तो ऐकेनासा होतो. त्या अवज्ञेसाठी महाभारतकाराने वापरलेली उपमा दारिद्र्याने गांजलेल्या घरातली आहे. नवऱ्याचा शब्द बायकोपाशी चालेनासा होतो त्या क्षणाची. उपमेतली पुरुषी दृष्टी आज आपल्याला खुपते, आणि खुपावीच. पण तिच्यात एक कठोर सत्यही आहे: हुकूम चालतो तो देणाऱ्याच्या ऐपतीवर, आणि ऐपत संपली की अवज्ञा सुरू होते. सुप्रतीक बिथरत नाही. भगदत्ताची सत्ता दिवाळखोर होते. दोष कुठे ठेवायचा हे त्या एका उपमेने ठरवून टाकले आहे. पाश्चात्त्य इतिहासातला पुरावा याहून भीषण आहे. इसवी सनपूर्व २०७ मध्ये मेटॉरसच्या लढाईत हास्ड्रुबलच्या माहुतांजवळ छिन्नी आणि हातोडा असे, हे लिव्हीने नोंदवले आहे. हत्ती आपल्याच सैन्यावर उलटला तर त्याच्या मानेच्या सांध्यात छिन्नी ठोकायची. जनावराच्या नकारासाठी लिहिलेला तो एक नियमच होय. क्रूर, पण नकार होणार हे गृहीत धरणारा.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप: जनावराला भाषा नाही, तेव्हा त्याचा 'नकार' हा आपलाच आरोप, पुन्हा तेच मानवीकरण. हे बोलणे ग्रंथालयात शोभते. गडचिरोलीत कमलापूरच्या हत्तीछावणीत जे माहूत आणि चाराकटर काम करतात त्यांची रोजची सलामती हा नकार वेळेआधी वाचण्यावर अवलंबून असते. आपल्या काव्यपरंपरेत गंडस्थळातून झरणारा मद हा अलंकार आहे. भुंगे त्याच्याभोवती गुणगुणतात आणि कवी खूश होतात. माहुतासाठी तोच मद म्हणजे आज जवळ जाऊ नये अशी सूचना. एकच द्रव, दोन वाचने. यांतले कोणते वाचन 'आरोप' आणि कोणते 'ज्ञान', हे अलंकारशास्त्राच्या तासाला एकदा विचारून पाहावे.

हुकूम कागदावरचाही असतो, हेही इथेच नोंदवतो. २०२२ मध्ये ताडोब्यातले आणि गडचिरोलीतल्या पातानीलचे हत्ती गुजरातेत जामनगरला एका खासगी न्यासाकडे नेण्यात आले. कमलापूरच्या हत्तींसाठी स्थानिक लोकांनी आवाज उठवला आणि ते राहिले. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध बरेच बोलले गेले: हत्तींचे आरोग्य, पर्यटन, जिल्ह्याची अस्मिता. माहुताचा शब्द त्या साऱ्यात कितीसा ऐकू आला? वर्षानुवर्षे हत्तीचे कान वाचणारा माणूस हा या व्यवहारातला एकमेव वाचक. आणि वाचकालाच कुणी विचारले नाही, तर त्या संहितेचे काय होते हे आपण साहित्यवाल्यांनी तरी ओळखायला हवे.

दुसरा आक्षेप खेळाडूंचा: हुकूम महाग ठेवला तर सोबती निरुपयोगी होतो, एकाची पाळी वाया जाते. माझे उत्तर साधे आहे. ती वाया गेलेली पाळीच अर्थपूर्ण आहे. दुसऱ्या जिवाला आपल्यासाठी मरणाच्या दाढेत धाडायचे तर धाडणाऱ्याचे काही तरी खर्ची पडले पाहिजे. ज्याची पाळी खर्च झाली तो निदान विचार करतो की धाडावे का. चंद्रपूर-गडचिरोलीत चोरून भरणारा कोंबडबाजार हा काही नीतीचा आदर्श नव्हे. पायाला काती बांधून कोंबडे झुंजवणे हा जुगार, १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण त्या रिंगणातही पाठ फिरवून पळालेला कोंबडा हरला असे धरतात. म्हणजे पळण्याची नोंद होते. पैसे लावणाऱ्याला ती मोजावी लागते. जुगाऱ्यांच्या हिशेबात ज्याला जागा आहे ते सुसंस्कृत नियमपुस्तकातून गळावे, हा विनोद म्हणावा तर हसू येत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गोड आहे, म्हणून अधिक धोक्याचा. तो म्हणतो: हुकूम कशाला, प्रेम आहे ना! आणि दाखल्यासाठी हेमलकशाकडे बोट दाखवतो. १९७३ साली तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकारीत आई गमावलेल्या पिलांना डॉ. प्रकाश आमटे यांनी आसरा दिला आणि त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. विलास मनोहर यांचे 'नेगल' हे त्या जगातून आलेले पुस्तक. ते पुस्तक 'प्रेमाने हिंस्र पशूही माणसाळतात' या बोधवचनात गुंडाळून वर्गात देणारे शिक्षक बहुधा चुकीच्या जागी बोट ठेवतात. त्या पुस्तकातला बिबट्या कुणासाठी लढत नाही, कुणाच्या शत्रूवर धावून जात नाही, कुणाचा हुकमी एक्का होत नाही. तो बिबट्याच राहतो, आणि जवळ असलेल्या माणसाला ते क्षणभरही विसरता येत नाही. प्रेम म्हणजे इथे हुकमाचा गोड पर्याय नव्हे. नकाराची शक्यता शाबूत ठेवून जवळ राहण्याची ती जोखीम आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' याच कारणासाठी मोठे ठरते: वानरांच्या टोळ्यांची सत्तास्पर्धा तिथे माणसाच्या हुकमाबाहेर घडते आणि लेखक तिला आपल्या कामाला जुंपत नाही. सत्तेचे रूपक शोधायला निघालेली समीक्षा मात्र त्या वानरांना ताबडतोब जुंपून मोकळी होते. समीक्षकाचाही एक हुकूम असतो, आणि तोही बहुधा फुकट असतो.

तेव्हा मागणी स्पष्ट करतो. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून या दोनच जिल्ह्यांसाठी उभे आहे. तिथल्या, आणि खरे तर कुठल्याही, मराठी विभागात जनावरे असलेली संहिता शिकवताना तीन प्रश्न प्रतीकाच्या आधी विचारावेत. हुकूम कोणाचा? त्याची किंमत कोणी मोजली? आणि जनावराला 'नाही' म्हणायला संहितेत जागा आहे का? याच तीन प्रश्नांनी राजाच्या कुत्र्याची आख्यायिका वाचावी, सुप्रतीक वाचावा, वर्तमानपत्राचे कात्रण वाचावे, आणि हो, खेळाचे नियमपुस्तकही वाचावे. जे विद्यार्थी संध्याकाळी फासे घेऊन बसतात त्यांना सकाळच्या तासाला लाज वाटू नये. त्यांनी मनोबलाचा तो जुना आकडा आपल्या टेबलावर परत आणावा. लांडगा पळाला तर पळू द्यावा, आणि मग त्याच्या मागोमाग जाऊन बघावे.

खांडक्या बल्लाळशहाने तेवढेच केले होते. त्याला शहर मिळाले.